परदेशात स्मृतिपदकं घेताना आधी कड वाचा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आजवर नाणी जमवत आलात, आता तीन आठवडे परदेशात पाच-सहा शहरं फिरणार आहात आणि या निमित्ताने आधुनिक स्मृतिपदकांचा संग्रह सुरू करायचा आहे. ती कुठे घ्यावीत, फसवणूक कशी टाळावी, विमानतळावर अडचण येते का आणि पुढे त्यांना किंमत येते का, हे तुमचे चार प्रश्न. चारही रास्त आहेत. पण पंचवीस वर्षं पदकं जमवल्यावर मला वाटतं, या चारांच्या आधी एक पाचवा प्रश्न विचारायला हवा. तो सुटला की बाकीचे निम्म्याने हलके होतात.

नाण्यांवर हात बसलेल्या माणसाला एक सवय असते. नाण्यावर देश, वर्ष आणि मूल्य छापलेलं असतं, शिवाय कॅटलॉग हाताशी असतो. नाणं आज घेऊन डब्यात टाकलं आणि दहा वर्षांनी काढलं, तरी त्याची ओळख पटते. पदकाचं तसं नाही. त्याला दर्शनी मूल्य नसतं आणि ते कुणीही काढू शकतं: सरकारी टाकसाळ, खासगी कारखाना, नगरपालिका, संग्रहालय, चर्च, एखादा गिर्यारोहण क्लब. अशा बहुतेक पदकांची नोंद कुठल्याच कॅटलॉगात होत नाही. ते कुणी कोरलं, कुठे पाडलं, कशासाठी काढलं, ही माहिती ज्या काउंटरवर पदक घेता तिथेच आणि त्याच दिवशी मिळते. घरी आल्यावर ती शोधून सापडेलच असं नाही. म्हणून पाचवा प्रश्न हा: हे पदक माझ्या हातात येईल तेव्हा मला त्याच्याबद्दल काय सांगता येईल? उत्तर ‘छान दिसतंय’ एवढंच असेल तर मी ते ठेवून देतो.

आता यातलं काय तुमच्यावर अवलंबून आहे ते आधी सांगतो, कारण तिथे माझा सल्ला चालणार नाही. खर्च किती करायचा, चांदी हवी की ब्राँझ चालेल, सामानात किती वजन बसेल आणि मुळात तुम्हाला कशाचं वेड आहे, हे तुम्हीच ठरवायचं. मात्र घरून निघताना एक धागा पकडून निघा. माझा धागा पूल आहे. एखाद्या शहरात पुलाचं पदक मिळालं नाही तर मी रिकाम्या हाताने परततो आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. तुमचा धागा दीपगृहं असेल, वाद्यं असतील, एखाद्या शतकातले शास्त्रज्ञ असतील किंवा एकाच शिल्पकाराचं काम असेल. ‘जिथे जाईन तिथलं एक’ हाही धागा होऊ शकतो, पण तो सगळ्यात सैल. त्यात दोन वर्षांत खण भरतो आणि सांगण्यासारखं फार काही उरत नाही.

कुठे घ्यावीत, याचं माझं पहिलं उत्तर नेहमी टाकसाळ हेच असतं. पॅरिसची टाकसाळ, मोने द पारी, आपली स्थापना सन ८६४ ची सांगते. चलनातली नाणी १९७३ पासून बोर्दोजवळच्या पेसाकला पाडली जातात, पण सेन नदीकाठची जुनी इमारत अजून टाकसाळीकडेच आहे आणि तिथे संग्रहालय आहे. स्लोव्हाकियात क्रेम्निट्साची टाकसाळ १३२८ पासून चालू आहे आणि त्या गावात नाणी-पदकांचं खास संग्रहालयही आहे. अमेरिकेची टाकसाळ तिथल्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, सुवर्णपदकांच्या ब्राँझ प्रती सर्वांना विकते, दीड इंची आणि तीन इंची. ओसाकाच्या टाकसाळीच्या आवारातली चेरीची झाडं १८८३ पासून दर वसंतात लोकांसाठी खुली होतात आणि त्या त्या वर्षी निवडलेल्या फुलाचं पदक निघतं. व्हॅटिकनचं वार्षिक पदक घ्यायचं असेल तर व्हॅटिकनच्या स्वतःच्या विक्रीकेंद्रातूनच घ्या. बाहेरच्या गल्लीतल्या दुकानांत पोपचा चेहरा असलेली ढीगभर पदकं असतात, पण ती वेगळी. खऱ्या वार्षिक पदकावर सहसा इसवी सनाबरोबर किंवा त्याच्याऐवजी पोपच्या कारकिर्दीचं वर्ष रोमन आकड्यात असतं आणि ते निवडीच्या दिवसापासून मोजतात. पोप फ्रान्सिस यांची निवड १३ मार्च २०१३ ची. म्हणजे त्यांचं पाचवं वर्ष मार्च २०१७ ते मार्च २०१८. ‘पाच’ पाहून २०१८ लिहून मोकळं होऊ नका.

या सगळ्या ठिकाणी मी एकच गोष्ट आधी करतो. पदक आडवं धरून कड वाचतो. छापा आणि काटा पदकाला काय सांगायचंय ते सांगतात, ते कुठून आलं हे कड सांगते.

एक प्रसंग सांगतो. पॅरिसमधल्या एका जुन्या बाजारात, रविवारी सकाळी, एका टेबलावर चॉकलेटी रंगाचं जाड ब्राँझ पदक होतं. छाप्यावर नेपोलियन, चेहऱ्याचं चित्र मानेशी जिथे कापलेलं असतं त्या कापाखाली कोरणाऱ्याची बारीक सही, चित्राचा उठाव खणखणीत. विक्रेता सांगत होता की हे त्याच काळातलं आहे. मी परवानगी मागून ते उचललं, मोबाईलच्या उजेडात कड हळूहळू फिरवली. तीन चतुर्थांश फेरीत काही नाही. मग तांदळाच्या दाण्याएवढं एक शिंग दिसलं, फळांनी भरलेलं, आणि त्याच्या शेजारी सरळ अक्षरांत ‘ब्राँझ’. तिथेच उलगडा झाला. पॅरिसच्या टाकसाळीने १८३२ पासून पदकांच्या कडेवर खूण मारायला सुरुवात केली. आधी जुन्या धाटणीचा दिवा, मग थोडा काळ जहाजाचा नांगर, मग जहाजाचं पुढचं टोक, १८४५ पासून बोट दाखवणारा हात, १८६० पासून मधमाशी आणि १८८० पासून आजतागायत समृद्धीचं शिंग. म्हणजे शिंग असलेलं ते पदक १८८० किंवा त्यानंतरचं, नेपोलियन जाऊन निदान एकोणसाठ वर्षं झाल्यावरचं. पण ते खोटं नव्हतं. टाकसाळ जुने ठसे जपून ठेवते आणि त्यांच्यावरून पुन्हा पदकं पाडते. ठसा जुना, धातू नवा. ते मी घेतलं, मात्र नव्या पदकाच्या भावात, आणि वहीत ‘पुन्हा पाडलेलं’ असं स्पष्ट लिहिलं.

कडेवरचे शब्द त्या त्या भाषेत असतात, म्हणून निघण्याआधी दहा-बारा शब्द पाठ करा. फ्रेंचमध्ये ‘आर्जां’ म्हणजे चांदी, ‘क्वीव्र’ म्हणजे तांबं. जर्मनमध्ये ‘फाइनझिल्बर’ म्हणजे शुद्ध चांदी आणि ‘फरझिल्बर्ट’ म्हणजे नुसता चांदीचा मुलामा. या शेवटच्या दोन शब्दांतला फरक मला पैसे मोजून कळला. एका फिरत्या विक्रेत्याकडून सुरुवातीच्या काळात मी दोन ‘चांदीची’ पदकं घेतली. कागदावर झिल्बर हा शब्द दिसला आणि तेवढ्यावर मी विश्वास ठेवला. घरी आल्यावर शब्दकोश उघडला तेव्हा अर्थ लागला. तेव्हापासून खिशात छोटा वजनकाटा आणि व्यास-जाडी मोजायचा प्लास्टिकचा कॅलिपर असतो.

वजनाचा हिशेब अगदी सोपा आहे आणि तुम्ही तो उभ्या उभ्या करू शकता. ४० मिलिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटर जाडीची सपाट चकती धरा. तिचं आकारमान पावणेचार घन सेंटिमीटरच्या आसपास येतं. ती ब्राँझची असेल तर साधारण ३३ ग्रॅम भरेल, चांदीची असेल तर ३९, आणि जस्ताच्या मिश्रधातूची असेल तर २५. पदकाला उठाव असतो आणि जाडी आपण कडेला मोजतो, त्यामुळे खरं वजन यापेक्षा थोडं कमी येतं. पण ३३ आणि २५ मधलं अंतर उठावाने एरवी भरून निघत नाही. स्मरणवस्तूंच्या दुकानात ‘अँटिक ब्राँझ’ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं साच्यात ओतलेलं जस्त असतं. त्याच्या कडेवर बऱ्याचदा साच्याचा सांधा बारीक रेषेसारखा दिसतो, अक्षरांचे कोपरे गोलसर असतात आणि भिंग लावलं तर बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. ठशाने पाडलेल्या पदकाची अक्षरं पायथ्याशी तीक्ष्ण असतात.

ओतीव म्हणजे हलकं, असा समज मात्र करून घेऊ नका. पदक या कलेचा जन्मच ओतकामात झाला. इटालियन चित्रकार पिसानेल्लो याने १४३८-३९ च्या सुमाराला बायझंटाइन सम्राट आठवा जॉन पॅलिओलोगस याचं जे पदक केलं, ते या परंपरेतलं पहिलं मानतात. सम्राट चर्चच्या परिषदेसाठी इटलीत आला होता, म्हणजे पहिलं पदकच एका प्रवाशाचं! आजही कितीतरी कलावंत लहान संख्येत ब्राँझ ओतून पदकं करतात. पदककलेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, फिडेमची, स्थापना १९३७ ची आणि ब्रिटिश आर्ट मेडल सोसायटीची १९८२ ची. अशा संस्थांच्या प्रदर्शनाच्या तारखा तुमच्या प्रवासाशी जुळत असतील तर वेळ काढून जाच. तिथे कलावंत स्वतः भेटतात. हातातलं पदक असं का वळलंय, कड मुद्दाम ओबडधोबड का ठेवली, हे करणाऱ्याच्याच तोंडून ऐकायला मिळणं, यासारखा आनंद मला या छंदात दुसरा नाही.

स्वस्तातल्या पदकांबद्दल तुम्ही जरा संकोचाने विचारलंय, संकोच करू नका. फ्रान्समध्ये मोठ्या स्थळांजवळ यंत्रातून मिळणारी सोनेरी पदकं, ज्यांना तिथे ‘जेतों’ म्हणतात, ती मोने द पारीची असतात: ३४ मिलिमीटर व्यासाची, एका बाजूला स्थळ, दुसऱ्या बाजूला टाकसाळीची मुद्रा आणि वर्ष. वर्ष बदललं की जमवणारे ते वेगळं पदक धरतात. शेजारच्याच यंत्रात दुसऱ्या उत्पादकाचं, तशाच रंगाचं पदक असू शकतं, म्हणून नाणं टाकण्याआधी यंत्रावरचं नाव वाचा. पुलांच्या धाग्यामुळे मी पाँ द्यु गारच्या रोमन जलसेतूपाशी असंच एक घेतलं आणि ते महागड्या पदकांच्याच खणात ठेवलंय. जपानमध्ये टोकियो टॉवरसारख्या ठिकाणी पदकाच्या यंत्राशेजारी अक्षरं ठोकायचं यंत्र असतं, त्यावर नाव आणि तारीख कडेच्या वर्तुळात उमटवता येते. काही संग्राहक पदक कोरं ठेवतात. मी तारीख जरूर ठोकतो. ज्या पदकाला स्वतःचं वर्ष नाही त्याला ते मिळतं.

यंत्रात चेपून लांबवलेली आणि वर नवं चित्र उमटवलेली नाणी हा पदकांचा चुलतभाऊ. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनापासून ती चालत आली आहेत. अमेरिकेत ती करायची असतील तर १९८२ च्या आधीचा सेंट, म्हणजे तिथला पैसा, खिशात ठेवा. तो ९५ टक्के तांब्याचा असतो. नंतरचे आतून जस्ताचे, त्यामुळे चेपले की तांब्याखालचे करडे पट्टे वर येतात.

आता कायद्याचं. इथे तुमच्या मार्गावर आणि तुमच्या देशाच्या सीमाशुल्क नियमांवर बरंच अवलंबून आहे, ते निघण्याआधी अधिकृत ठिकाणी वाचून घ्या. आधुनिक पदकाला सहसा कुणी अडवत नाही. अडचण येते ती पदकाशेजारी विकायला ठेवलेल्या दुसऱ्या वस्तूंमुळे. प्राचीन अवशेषांच्या आसपास कुणी ‘शेतात सापडलेलं’ नाणं पुढे केलं तर हातही लावू नका. तुर्कस्तानातून पुरातन वस्तू बाहेर नेणं गुन्हा आहे, आणि इटली, ग्रीस, इजिप्त इथेही कडक निर्बंध आहेत. दुसरी गोष्ट सरकारी सन्मानचिन्हांची. रशियाच्या दंडसंहितेचं कलम ३२४ रशियाच्या आणि सोव्हिएत काळाच्या सरकारी पदकांची बेकायदा खरेदी-विक्री गुन्हा ठरवतं. टेबलावर ठेवायची मोठी सोव्हिएत स्मृतिपदकं, ज्यांना अडकवायची कडी नसते, ती या वर्गातली नव्हेत. पण छातीवर रिबिनीने लावायची विजयदिनाची पदकं असू शकतात. बाजारात दोन्ही एकाच ट्रेमध्ये पडलेली असतात. अमेरिकेतही मेडल ऑफ ऑनर विकायला बंदी आहे. कडी आणि रिबीन दिसली की मी थांबतो आणि आधी चौकशी करतो.

विमानतळावर माझा नियम असा: पदकं हातातल्या सामानात, पण एकावर एक रचून चिकटपट्टी गुंडाळलेली कधीच नाहीत. क्ष-किरणात तो गठ्ठा अपारदर्शक काळा ठोकळा दिसतो आणि पिशवी उघडावी लागते. एका थरात पसरून ठेवली, पावत्या वरच्या कप्प्यात ठेवल्या, की बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. विचारलं तर ‘नाणी’ म्हणू नका, ‘स्मृतिपदकं’ म्हणा. चलन आणि वस्तू यांचे नियम वेगळे असतात आणि तुमच्याच शब्दाने गोंधळ होऊ शकतो. सोनं-चांदी असेल तर वजन आणि शुद्धता पावतीवर लिहून घ्या. आणि वजनाचा अंदाज ठेवा: तीन इंची, पाच-सहा मिलिमीटर जाडीचं एक ब्राँझ पदक २०० ग्रॅमच्या आसपास जातं. अशी दहा घेतली की दोन किलो झाले.

प्रवासात गुंडाळायला छपाई नसलेला मऊ कागद किंवा धुतलेलं सुती कापड वापरा. रबरबँड चांदीला अजिबात लावू नका, त्यातल्या गंधकाने काळी रेघ उमटते आणि ती जात नाही. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकची पाकिटं टाळा. ते पीव्हीसी असतं आणि त्यातून सुटणारं रसायन तांबं-ब्राँझवर हिरवट चिकट थर आणतं. माझी तीन पदकं अशीच खराब झाली, त्यातलं एक तर पुन्हा मिळण्यासारखं नव्हतं. ते आजही मी वेगळ्या डबीत ठेवलंय आणि नव्या संग्राहकांना दाखवतो. पदकं नाण्यांपेक्षा जाड असतात, म्हणून नाणं ठेवायची गोल डबी, म्हणजे कॅप्सूल, बंद होईलच असं नाही. व्यासाबरोबर जाडीही मोजून मागवा. आणि कितीही मळकट वाटलं तरी ब्राँझला पॉलिश लावू नका. तो चॉकलेटी किंवा हिरवट रंग बऱ्याचदा कलावंताने रसायनं लावून मुद्दाम आणलेला असतो, पॉलिशने त्याचंच काम पुसलं जातं.

शेवटी किमतीचं. सोन्या-चांदीच्या पदकात धातूची किंमत असते, ती बाजाराप्रमाणे वर-खाली होते. त्याच्यावर जे जास्तीचे पैसे तुम्ही मोजता, ते परत मिळतील असं धरू नका. मखमली पेटी, प्रमाणपत्र आणि ‘मर्यादित आवृत्ती’ हे शब्द पाहून तर मुळीच नाही. किती पाडली आणि ठसा नंतर नष्ट केला का, या दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर ‘मर्यादित’ या शब्दाला अर्थ नाही. ब्राँझच्या आधुनिक पदकांत ज्यांना नंतर मागणी आलेली मी पाहिली, ती नावाजलेल्या शिल्पकारांची, थोड्या संख्येने निघालेली आणि सगळी माहिती सोबत असलेली होती. तेव्हा पैसे गुंतवायचे म्हणून पदकं घेऊ नका, असंच मी सांगेन. त्यांच्यासोबत राहायचं असेल तर घ्या.

आणि ज्या दिवशी पदक घ्याल त्याच रात्री वही उघडा. पावतीचा फोटोही त्याच रात्री काढा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं वर्ष-दोन वर्षांत उडू शकतात. माझ्या वहीतली त्या नेपोलियनची नोंद अशी आहे: ‘पॅरिस, जुना बाजार, रविवार सकाळ. ब्राँझ, ६८ मिमी. छापा: नेपोलियन, उजवीकडे तोंड. कापाखाली सही, भिंगाने वाचली. कडेवर शिंग आणि धातूचं नाव, वर्ष नाही. पुन्हा पाडलेलं. विक्रेता म्हणाला, आजोबांच्या टेबलावर कागद दाबायला होतं. काट्याच्या बाजूला मध्यभागी झीज, त्यामुळे खरं वाटतं.’

तुमची शहरं आणि ठरवलेला धागा कळवलात तर त्या मार्गावरच्या टाकसाळी आणि संग्रहालयं मी सांगू शकेन.